पेन्सिलीने लिहिलेली शाळा

क्लबात सगळे त्या गोलकीपरला 'बिऱ्हाड' म्हणत, आणि त्याला रागही येत नसे. सतरा वर्षांत अकरा क्लब! एका ठिकाणी तर त्याच्या मापाची जर्सी शिवून आली, तेव्हा स्वारी भलत्याच शहरात भलत्याच संघाचे गोल अडवत होती. सामान बांधण्यात त्याच्या बायकोचा हात धरणारं कुणी नव्हतं. अख्खं स्वयंपाकघर ती तासाभरात खोक्यांत कोंबायची आणि कढई सगळ्यांत वर ठेवायची, कारण उतरल्याबरोबर तीच लागते.

त्यांची नऊ वर्षांची लेक मात्र वहीवर स्वतःचं नाव पेनाने लिहायची आणि शाळेचं पेन्सिलीने.

"खोडायला बरं पडतं," तिने एकदा आईला सहज सांगितलं. पलीकडच्या खोलीत बापाने ते ऐकलं. या पाचव्या शाळेत तिला पहिल्यांदाच जिवाभावाची मैत्रीण मिळाली होती.

म्हणून मोसमातला शेवटचा सामना आला तेव्हा गड्याचे पाय जमिनीवर ठरेनात. हरलो, तर क्लब खालच्या गटात आणि सगळ्यांना नारळ. नुसती बरोबरी साधली तरी क्लब तरणार आणि त्याला तीन वर्षांचा करार मिळणार. तीन वर्षं एका घरात! कल्पनेनेच त्याला गुदगुल्या होत होत्या.

शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरी टिकली. मग त्याच्याच संघातल्या एका शहाण्याने समोरच्याचा शर्ट ओढला आणि रेफ्रीने पेनल्टी दिली. समोरच्या संघातून बॉल उचलायला आले कोण? तर खरेबुवा!

चौथ्या क्लबात तो आणि गोलकीपर दोन वर्षं एकाच खोलीत राहिले होते. खरेबुवाला खोटं पचत नसे. बिस्किटं कुणी खाल्ली विचारलं की तो "मी नाही" म्हणायचा आणि त्याचे कान लालभडक व्हायचे.

"काय रे, वहिनी बऱ्या आहेत ना?" गोलकीपरने विचारलं.

"मजेत आहे. तू माझ्याशी बोलू नकोस."

"माझ्या उजवीकडे मारणार ना?"

"हो, हो. तुझ्या उजवीकडेच."

कान लाल!

"गप्पा घरी जाऊन मारा," रेफ्री खेकसला.

म्हणजे डावीकडे. गोलकीपरला हसू आवरेना. तेवढ्यात त्याचं लक्ष वर गेलं. कलतं ऊन थेट खरेबुवाच्या पाठीमागून येत होतं. अशा उन्हात कुणाचेही कान लालच दिसणार! आता आली का पंचाईत? शिट्टी वाजली. खरेबुवा धावत सुटला. होऊ दे काय व्हायचं ते, असं म्हणत गोलकीपरने दोन वर्षांच्या बिस्किटांवर भरवसा ठेवला आणि डावीकडे झेप घेतली.

बॉल हातात आलाच नाही. तो कोपरावर आदळला, तिथून उडून वरच्या दांडीला लागला आणि मैदानाबाहेर गेला. सामना संपला.

मग नुसता धिंगाणा. संघातले दहा धटिंगण त्याच्या अंगावर पडले. त्या ढिगातून खरेबुवाने त्याला ओढून काढलं आणि कडकडून मिठी मारली. खरेबुवाच्या संघाचं हरल्या-जिंकल्याने काही बिघडणार नव्हतं.

"कान ना?" त्याने विचारलं.

"कानच रे!" गोलकीपर खिदळत म्हणाला.

इतक्यात लेक कठड्यापाशी आली, वही पुढे करून. बाप हरखला. पोरीने आजवर कधी सही मागितली नव्हती! त्याने एका पत्रकाराच्या खिशातलं पेन उपसलं आणि झोकात टोपण काढलं.

"सही नकोय, बाबा. नुसतं पेन दे."

तिने वही कठड्यावर ठेवली आणि शाळेच्या नावाचं एकेक अक्षर जीभ बाहेर काढून सावकाश गिरवलं. मग शाईवर फुंकर मारली.

"आता हे खोडता येणार नाही हं," तिने बापाला बजावलं.