रिकाम्या खोलीची नोंद

काचेतले अणू शिस्तीत बसत नाहीत. जत्रेतल्या माणसांसारखे जागा मिळेल तिथे घुसतात. त्या बेशिस्तीचं गणित मांडायचं आणि काच विजेला कशी दाद देईल हे मोजण्याआधीच सांगायचं, या खटाटोपात साताऱ्याच्या हेरंबची दूर दक्षिणेत अड्यारच्या संशोधन संस्थेत चार वर्षं गेली होती. दोन हजार चार साल उजाडलं तरी गणित आणि मोजमाप यांचं काही जमेना. आलेखावर एक हट्टी उंचवटा यायचा, आणि गणितात त्याला कुठेच जागा नव्हती. सोमवारपर्यंत जुळलं नाही तर प्रबंधावर सही मिळणार नाही, असं मार्गदर्शक विद्युलता मॅडमनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं, आणि त्या सुनावण्यात त्यांना सुख वाटलं होतं हे हेरंबला पक्कं ठाऊक होतं.

यंत्राजवळ माणूस बसला तरी आकडा चढतो, कारण माणसाचं अंगही विजेला दाद देतं. म्हणून हेरंब यंत्र सुरू करून, त्या बिनखिडकीच्या खोलीला कुलूप घालून, किल्ली खिशात टाकून बाहेर जाई. रविवारी तिरुवल्लिकेणीच्या मॅन्शनमधल्या, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमधल्या, आपल्या खोलीत घामाघूम होऊन बसला असताना त्याने निव्वळ वैतागापोटी गणितात एक माणूस धरला, यंत्रासमोरच्या खुर्चीत बसलेला. गणिताची रेघ उंचवट्यावर तंतोतंत बसली. सोमवारी सकाळी त्याने तो आलेख मॅडमपुढे ठेवला.

मॅडमच्या लेखी या चोराच्या उलट्या बोंबा होत्या. त्यांची मराठी तंजावरची, जुन्या वळणाची, रागात अधिकच धारदार.

"तूच बसलास. आकडे अस्के खोटे, एकूणएक!"

"मी बाहेर होतो, मॅडम. तुमच्यासमोर मोजू या."

दुपारी जेवणानंतर दोघं खोलीत गेले. किल्ली मॅडमनी मागून घेतली. हेरंबने यंत्र सुरू केलं आणि दोघं दारापाशी, दूर उभे राहिले. रिकाम्या खुर्चीसमोरच्या पडद्यावर उंचवटा सावकाश वर आला.

मॅडमनी खुर्चीकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "आता तू बस. दुप्पट होईल."

हेरंब बसला. उंचवटा ओसरला. चार वर्षं वाट पाहायला लावणारी मोजमापाची रेघ मुकाट येऊन त्याच्या मूळ, माणूस न धरलेल्या गणितावर टेकली. तो पुढे झुकला, यंत्राभोवती हात फिरवला, पण आकडा तसूभर हलला नाही.

"मॅडम, मी आहे ना इथे?"

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. पडद्याकडे पाहत त्यांनी हातातल्या नोंदवहीत लिहिलं, एकेक शब्द मोठ्याने वाचत. "खोली रिकामी. मोजमाप बरोबर." खाली सही केली, ज्या सहीसाठी तो इतका झुरला होता तीच. मग बाहेर पडून दिवा मालवला आणि दार ओढून घेतलं.

"मॅडम!"

कुलपात किल्ली फिरली. चपलांचा आवाज दूर गेला.

हेरंब खुर्चीतून हलला नव्हता. पडद्याच्या हिरवट उजेडात उंचवटा, खुर्चीत बसलेल्या एका माणसाएवढा, पुन्हा वर येऊ लागला.