मेंदी उतरेपर्यंत

माजिदानं लेकीच्या बोटांना मेंदी लावायचा सपाटा लावला होता, तो काही हौसेनं नव्हे. गार पाण्यात हात घातला की अमिनाची बोटं आधी पांढरीफटक पडत, मग निळी. अमिना घरी विड्या वळायची. गल्लीत कुणी महारोगाचं नाव काढलं असतं, तर तिच्या विड्या कुणी घेतल्या नसत्या, आणि मंगळवेढ्याच्या मकदूमशी ठरलेलं लग्नही मोडलं असतं. म्हणून चार महिने बोटांची टोकं लालभडक. आईच्या अकलेला तोड नव्हती.

पुढं एका बोटाची जखम भरेना, तेव्हा मात्र इस्पितळात जावंच लागलं. डॉक्टर महादेवप्पांनी नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकला, बाजूनं दिवा धरला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तिथल्या कातडीत रक्ताच्या बारीक वाहिन्या दिसतात, आजार ओळखायला त्यांची मदत होते म्हणे. दिसली ती नुसती मेंदी. रंग उतरल्यावर या, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

तीन आठवडे अमिना मेंदी न लावता, उघड्या बोटांनी गल्लीत वावरली. शेजारणी तिच्या हातचं पाणी टाळू लागल्या. माजिदाला ते फार लागलं, पण तिनं मेंदीच्या पुडीला हात लावला नाही.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी माजिदालाही बघायला लावलं. आधी तिचं स्वतःचं बोट: केसांतल्या आकड्यांसारखे, एका रांगेत लाल वेढे. मग अमिनाचं: मोजकेच वेढे, तेही फुगलेले, मधे मोकळी जागा.

"हा महारोग नव्हे," डॉक्टर म्हणाले. "कुणाला लागत नाही. पण कातडी घट्ट करणारा आजार आहे, शरीरात आतही जाऊ शकतो. पुरता जात नाही. औषध घेत राहायचं, हात उबेत ठेवायचे."

महारोग नव्हे एवढं ऐकूनच माजिदाचा जीव भांड्यात पडला. बाकीचं तिला एसटीत बसल्यावर उमगलं.

घरी ती गेलीच नाही. लेकीला घेऊन थेट मंगळवेढं गाठलं आणि मकदूमच्या आईपुढं सगळं सांगून मोकळी झाली, मेंदीच्या लबाडीसकट. पोरगी बरी होणार का, एवढंच त्या बाईनं विचारलं.

"पुरती न्हाय म्हणत्यात," माजिदा म्हणाली. "जपून ऱ्हायाला लागंल."

मकदूमच्या आईनं अमिनाची गार बोटं आपल्या दोन्ही तळव्यांत धरली.

"पाणी तापवायला आमच्याकडं बंब हाय की," ती म्हणाली.