अंगठ्याची दोरी

पडवीत त्या दिवशी भाताच्या कणग्या तीन होत्या, कोंड्याचं पोतं एक, कोंबड्या सहा, मुसळं दोन आणि आवाजाला न वळणारं आठ महिन्यांचं मूल एक.

शेवटचं मोजलेलं माझ्या आईला मान्य नव्हतं.

"आमची आरोही भैरी? जीभ झडंल तुजी!" नव्या भाताचे पोहे कांडता कांडता ती म्हणाली. "मुसळ पडलं की नात डोळं उघडती. ह्ये बग."

तिनं दण्णदिशी घाव घातला. झोळीतल्या पोरीनं डोळे उघडले.

"बगितलं? ओतूरच्या कालेजात तू तर बेडकं कापत व्हतीस. कान कवा शिकलीस?"

मी वही मिटली. वहीत आरोहीची सगळी नोंद होती. चौथ्या महिन्यात मान धरली, सातव्यात बसली, आता चुरमुरा चिमटीत धरते, वजन साडेसात किलो. सहाव्या महिन्यापर्यंत बा-बा करायची, ते हळूहळू थांबलं. उपकेंद्रात दर महिन्याला वजन झालं. कान कुणीच पाहिले नव्हते.

वैजयंतीवहिनी चुलीपासून हळूच म्हणाली, "वन्सं, माजं तोंड दिसलं तरच हासती ती. मागनं कितीबी हाका मारा."

"तुज्या म्हायेरी आसंच का, सोताच्या लेकरात खोट काढत्यात?" आई उसळली. वहिनी खाली मान घालून चूल फुंकू लागली.

सुभाषदादा दारातच उभा होता. "ऱ्हाऊ दे गं. आपला भागूमामा चार वरसाचा झाल्यावर बोलला. आता गप बसतो का?"

"दादा, आवाज ओळखायला मेंदू पहिल्या दोन-तीन वर्षांतच शिकतो. रोप वेळेत लावलं नाही तर भाताला फुटवा येतो का?"

"पोर म्हंजी भाताचं रोप हाय व्हय?" आई म्हणाली. "पुण्याला न्हेऊन कानात मशिनी घालनार! सगळ्या मढ गावात बोभाटा. उद्या हिला पावणं कोन आननार?"

तीन आठवडे हेच चाललं होतं. मी मागून ताट वाजवायचे, पोर वळायची नाही. आई मुसळ घालायची, पोर डोळे उघडायची. शेवटी मलाच वाटू लागलं की चूक माझी आहे.

त्या दिवशी माझी नजर आईच्या पायाकडे गेली. कांडताना हात मोकळे नसतात, म्हणून आमच्याकडं झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधतात. मुसळ खाली येताना आई अंगठा दाबायची. दर घावाला झोळीला एक हिसका.

"आई, दोरी सोड."

"का गं?"

"सोड तर."

एव्हाना पोरीचा पुन्हा डोळा लागला होता. आईनं दोरी सोडली, घाव घातला. पोर झोपलेलीच. पुन्हा घातला.

"गाढ झोपलीया," आई म्हणाली, पण मुसळ तिनं भिंतीला टेकवलं. मग एकदम हट्टाला पेटली. "उठीव तिला. आंगणात चल. मागनं मी सोता ताट वाजविते. धा येळा. एकदा जरी वळली, तर पुन्यांदा पुण्याचं नाव काढायचं न्हाई."

"आणि नाहीच वळली तर?"

आईनं ताट उचललं. "तर उद्याच्या पयल्या यष्टीनं जायचं. मी बी येते."

वहिनी आरोहीला मांडीवर घेऊन बाजेवर बसली. सावली पोरीवर पडणार नाही अशा बेतानं आईला मी चार हात मागं उभं केलं. आरोही पोटभर प्यालेली, जागी, वहिनीच्या बांगड्यांशी खेळत होती.

पहिल्याच ठोक्याला शेजारची बयाबाई बाहेर येऊन आईला म्हणाली, "काय गं लंके, सुर्व्याला गिराण लागलं का, ताट वाजवतीस?"

"गप ऱ्हा!" आई ओरडली. "आरू! ए बाय माजी, हिकडं बग!"

सहाव्या ठोक्यापर्यंत ती हाका मारत होती. नंतर नुसतंच ताट वाजत राहिलं. नववा ठोका असा बसला की ताटाला पोचा आला.

ठोके दहा. वळली शून्य वेळा.