दार बंद करून बसा

मी ममता पूनमसिंग राठोड. आमचा तांडा बोरी अरबच्या बाजूचा. मले स्पॅनिश येते. हो, स्पॅनिशच. हसून घ्या अगोदर, मंग सांगते.

तीन वर्षं मोबाइलवर शिकली, नागपूरले जाऊन परीक्षा पास झाली. तरी पुण्याच्या एका क्लासनं मले दोनदा नाकारलं. काम काय, तं शिकणाऱ्याइच्या व्याकरणाच्या शंका फोनवर सोडवायच्या. दोन्ही खेपेले एकच शेरा: "स्पॅनिश उत्तम. मराठी सुधारा." डोक्यात आगच लागली. अरे, बारावीपर्यंत मराठीतच शिकली न मी! घरी आमची बंजाऱ्याइची गोरबोली, बाहेर वऱ्हाडी. आता हे तिसरी कुठून आनू?

तिसरी आन शेवटची संधी मंगळवारी होती. याच्यानंतर अर्जच घेत नाईत. परीक्षा घेनाऱ्या तेजस्विनी मॅडमनं बजावलं, "खऱ्या विद्यार्थ्यांचे फोन येतील, मी लाइनवर ऐकत असेन. दार बंद करून बसा. मागे आवाज नको. पाठवलेली छापील उत्तरंच वाचा."

पन आमच्या घरात दार लावा का उघडा, रेंजच नाई. रेंज फक्त मंदिराच्या ओट्यावर. आन तिथं दुपारी चार बाया कापसाची बोंडं फोडत बसतात. ओट्याची एक रीत हाय: तिथं कोनी काही विचारलं, का ते साऱ्याइचं झालं. सुनेचं दुखनं असो का शेळीचं, उत्तर सगळ्या मिळून देतात. मी हात जोडून सांगतलं, आज घंटाभर चूप राहा. माही याडी, म्हंजे माय, नंदाबाई म्हने, "आमी काय बोलतो बापा!"

हातात कागद, म्हनून फोन स्पीकरवर ठेवला. पहिल्या दोन शंका नीट निपटल्या. 'आहे' म्हनाले 'सेर' कधी न 'एस्तार' कधी, आन टेबल बाईमानूस काहून. कागदावरची उत्तरं वाचली.

तिसरे नानाजी, वर्ध्याचे रिटायर पोस्टमन. नात स्पेनमधी, तिले मराठी येत नाई. "मॅडम, तिची चित्रं मला आवडतात, एवढंच तिला सांगायचं आहे. दर वेळी चुकतं. तीन आठवडे हेच विचारतो आहे. रविवारी तिचा वाढदिवस आहे."

छापील उत्तर आठ ओळींचं, सारं इंग्रजीच्या वाटेनं जानारं. मी वाचलं. "नाही समजलं," ते म्हनले. आवाज पारच पडला होता.

मागून याडी बोललीच. "बाबा, काय काय काढलं नातीनं?"

"बैल. बैलगाडी."

"मंग आवडले का बैल?" बाजूले बसलेल्या मोतीबाईनं विचारलं. झालं! चारही बाया फोनवर वाकल्या.

"कोण आहेत या बायका? उठवा त्यांना," मॅडम कडाडल्या.

मी कागद पालथा टाकला. "नाई उठत त्या. ओटा त्याइचा हाय. नानाजी, इंग्रजी सोडा. आपन 'मी आवडतो बैल' असं म्हनतो का? 'मले बैल आवडतात' म्हनतो. तसंच ठेवा. मे गुस्तान."

मंग नानाजी हळूच बोलले, "मे गुस्तान तुस दिबुहोस." म्हंजे, मले तुही चित्रं आवडतात. पुन्हा एकदा बोलले. "एवढंच होतं?"

"एवढंच."

"ममता, 'मले' नाही, 'मला'. आणि छापील उत्तर का सोडलंत?" मॅडमनं विचारलं.

"मॅडम, माह्या स्पॅनिशमधी एक चूक दाखवा. एकच. दाखवली तं आत्ता फोन ठेवते."

मॅडम पुढचा फोन जोडाले निघाल्या. नानाजी खाकरले. "मॅडम, थांबा जरासक. मले विचारू द्या पोरीले. अजून दोन शंका हायेत माह्या."

तीन आठवडे मला-मला करून राह्यलता बिचारा! माहे डोळे भरून आले.

चार दिवसांनी मेसेज आला: "निवड झाली. अट: दार बंद ठेवणे, 'मले' टाळणे." लिहिलं, "दोन्ही जमत नाई." पाठवलं. दोन दिवस भाकर गोड लागली नाई. काहून येवढी ताठ झाली, असं सतरांदा वाटलं. तरी मेसेज पुसला नाई.

तिसऱ्या दिवशी नुसतं वेळापत्रक आलं. अटीचा चकार शब्द नाई.

याडीनं विचारलं, "काय म्हनते ते पुण्याची?"

"उद्यापासून बस म्हनते."

"दार लावून?"

"ओट्यावर."

"मले घेऊन?"

"तुले घेऊन."