काळा प्लग, करडा प्लग

"दाबा ब्रेक!" मी मागून ओरडले.

"दाबलाय!" हे पुढून ओरडले.

"जोरात दाबा!"

"अगं, आता पाय जमिनीतून खाली जाईल!"

ब्रेकचे दोन्ही दिवे मढ्यासारखे पडलेले. उलट डावीकडचा मागचा बारका दिवा, ज्याचा ब्रेकशी काडीचा संबंध नाही, तो मिणमिणत होता. मग उजवा इंडिकेटर द्यायला सांगितला, तर तोच डावीकडचा लाल दिवा डोळे मिचकावायला लागला. मी कपाळावर हात मारून घेतला.

"काळी वायर कुठे लावलीत?"

"अर्थला. काळी म्हणजे निगेटिव्ह, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

घ्या! सांगलीतल्या चौतीस वर्षांपूर्वीच्या स्कूटरच्या वायरिंगच्या भरवशावर हा माणूस इंग्लंडच्या मोटरवेवर गाडी काढायला निघाला होता.

२००६ सालचा जून, शनिवारची सकाळ. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या आमच्या घरासमोर पिकअप उभी होती आणि तिच्या पाठीवर कॅम्पर बसवलेला. कॅम्पर म्हणजे पत्र्याची एक खोलीच. दोन पलंग, गॅस, बोटभर फ्रिज, नळ. आमचे हे, शशिकांत, पोस्टात तीस वर्षं पत्रं लावून रिटायर झाले आणि स्विंडनच्या एका म्हाताऱ्याकडून ही जोडी घेऊन आले. पिकअपला मागे दोन सॉकेट होती, एक काळं, एक करडं. कॅम्परमधून दोन केबली बाहेर यायच्या, पण त्यांच्या टोकांचे प्लग गंजून गेलेले. नवे प्लग आणले, आणि शुक्रवारी ह्यांनी स्वतःच काळा लावायला घेतला. हात दाखवून अवलक्षण. रबरी टोपी केबलवर आधी सरकवायची असते तीसुद्धा विसरले, म्हणजे लावलेलं सगळं परत सोडावं लागणारच होतं.

शनिवारी सकाळी मला पलंगावर चहा मिळाला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, त्यात हा असा चहा तिसरा की चौथा.

"नंदा, तू जरा बघतेस का गं? तुझ्या हाताला सवय आहे."

हाताला सवय आहे! बावीस वर्षं मी ट्रेडिंग इस्टेटवरच्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतल्या, कंपनीत हेच केलं. गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायचे, टोकं सोलायची, प्लगमध्ये बसवायची. पिवळी डावा इंडिकेटर, निळी धुक्याचा दिवा, पांढरी अर्थ, हिरवी उजवा इंडिकेटर, तपकिरी उजवीकडचा मागचा दिवा, लाल ब्रेक, काळी डावीकडचा मागचा दिवा. मी रामरक्षेत अडखळते, ह्यात नाही. कंपनी पोलंडला गेली तेव्हा मला एक घड्याळ आणि केक मिळाला. ह्या बावीस वर्षांत ह्यांनी मला एकदाही विचारलं नाही की तू दिवसभर नेमकं करतेस काय. त्यामुळे त्या दिवशी चहा पिताना मी फुशारले होते, खोटं कशाला बोलू?

आणि खरं सांगायचं तर मला घाई होती. सोमवारी सकाळी आम्ही निघणार होतो, स्कॉटलंडला, सहा आठवडे. तिथे वरच्या टोकाला उल्लापूल नावाचं गाव आहे. तिथली मॉइरा अकरा वर्षं माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायची. माझं इंग्रजी तिनेच सुधारलं, आणि मी पहिल्यांदा शिफ्ट चुकवली तेव्हा सुपरवायझरला थाप मारली तीही तिनेच. "नंदा, आमच्याकडे जूनमध्ये रात्री अकराला अंगणात पेपर वाचता येतो," असं सांगायची. ती गावी परत गेली. दर ख्रिसमसला तिचं कार्ड यायचं, त्यात एकच प्रश्न: कधी येतेस? नऊ कार्डं झाली. यंदा मी पहिल्यांदा लिहिलं, जूनमध्ये येते. कॅम्परच्या खिडक्यांना मी पडदे शिवले, निळ्या फुलांचे. माप घेताना टेपचं दुसरं टोक ह्यांनीच धरलं होतं.

तर मी स्टूल घेऊन गाडीमागे बसले, ह्यांनी केलेला उद्योग सोडला आणि वायरी नव्याने सोलायला घेतल्या. हे आत नकाशा शोधायला गेले. तेवढ्यात आमच्या सुनेची, ऋजुताची गाडी आली. पुष्कर आणि ती रीडिंगला राहतात, दोघं आयटीत. ती उतरली, कडेवर आमची दहा महिन्यांची नात, अक्षरा. डिकी उघडली तर आत घडीची कॉट, उंच खुर्ची, बाटल्या उकळायचं यंत्र. मला वाटलं, कुठे ट्रिपला निघाले की काय.

"आई, सॉरी हं, सगळं आजच आणून ठेवते. म्हणजे मंडेला नुसतं हिला ड्रॉप करून मला ट्रेन पकडता येईल. मॅटर्निटी लीव्ह संपली ना!"

"मंडेला? अगं, मंडेला आम्ही निघतोय."

"आम्ही म्हणजे..." ती थांबली. "बाबा आणि मुरलीधरकाका ना?"

मुरलीधर म्हणजे ह्यांचे जुने मित्र. माझ्या हातात पांढरी वायर होती. ती मी सोलत राहिले.

"आई, बाबा म्हणाले, तुम्हीच म्हणालात. की मला नाही जमायचं ते गाडीत झोपणं, त्यापेक्षा मी अक्षराला सांभाळते. सिक्स वीक्स. म्हणून तर आम्ही नर्सरीची जागा सोडली."

"कधी म्हणाले?"

"ईस्टरला. लंचला आलो होतो, तुम्ही किचनमध्ये होतात तेव्हा." तिचा चेहरा पडला. "तुम्हाला माहीतच नाही?"

ईस्टरला! म्हणजे एप्रिलमध्ये. पडदे मी मेमध्ये शिवले. एक महिनाभर ह्या माणसाला सगळं माहीत होतं आणि तो माझ्यासमोर टेपचं टोक धरून उभा होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. शिव्या देणारा, मारणारा नवरा निदान समोरून तरी येतो.

हे नकाशा घेऊन बाहेर आले. डिकी बघितली, सुनेकडे बघितलं, आणि माझ्याकडे बघायचं सोडून प्लगकडे बघितलं.

"झाला का?" म्हणाले.

"तुम्ही मुरलीधरभावजींना घेऊन चाललात?"

"अगं, हा प्लग झाला की सांगणारच होतो."

प्लग झाला की! हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. कामापुरता मामा आणि ताकापुरती आजीबाई ऐकली होती. प्लगपुरती बायको मी पहिलीच असेन.

"ऐक तर. लीलावतीवहिनी गेल्यापासून मुरली घरात एकटा भिंतीकडे बघत बसतो. त्याला दुसरं कोण आहे? आणि पलंग दोनच. तुझे गुडघे असे, वर चढायला शिडी. शिवाय तुला गाडी लागते."

"मला गाडी लागते? आठ तास बसने लंडनहून ग्लासगोला गेले होते, पुष्करच्या बारशाच्या वर्षी. तेव्हा कोण ओकत होतं?"

ऋजुताने मान खाली घातली.

"भावजींना न्यायचं होतं, तर मला विचारायचं. लीलावती माझीही मैत्रीण होती. मी म्हटलंही असतं, जा बाबांनो. पण मला यायचं नाही, असं माझ्या तोंडचं खोटं तुम्ही पोरांना कसं सांगितलंत?"

"तू चिडशील म्हणून."

"आता नाही का चिडले?"

ऋजुताने पुष्करला फोन लावून माझ्या कानाला धरला. आमचं हे पोर स्लाऊचंच, इथेच शिकलेलं. "आई, तू अपसेट झाला का? बाबा बोलला, तू ओके आहे. आय ॲम सो सॉरी. पण आता नर्सरीचा वेटिंग लिस्ट खूप मोठा आहे." म्हणजे सॉरी होतंच, पण त्याच्या पाठोपाठ वेटिंग लिस्टही होती.

आणि तेवढ्यात ह्यांना शहाणपण सुचलं. माझी समजूत काढायला म्हणून म्हणाले, "मॉइराला मी फोन केलाय. तिच्या अंगणात गाडी लावायला हो म्हणाली ती. तुला काही पाठवायचं असेल तर दे, नेऊन देतो की. लाडू वगैरे."

माझी मॉइरा. नऊ कार्डं मी ड्रॉवरमध्ये जपली, त्यांवरचा नंबर बघून ह्यांनी आपल्या पार्किंगची सोय केली. मला असं वाटलं की हातातला पाना ह्यांच्या टाळक्यात घालावा. खरंच वाटलं. अक्षरा आईच्या कडेवरून माझ्याकडे झेपावत होती, म्हणून नाही घातला.

"लाडू देत नाही," मी म्हटलं. "आणि ऋजुता, ऐक. दोन आठवडे मी हिला बघेन, कारण हिने माझं काही वाईट केलेलं नाही. तोवर तुम्ही दोघं सोय बघा. त्यापुढे नाही."

"हो आई," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती बिचारीही फसलीच होती, तिच्यावर ओरडून काय करू?

मी परत स्टुलावर बसले. हे बघतच राहिले. त्यांना वाटलं होतं, आता मी पक्कड फेकून घरात जाणार. पण रस्त्यावर मागून कुणीतरी येणार असतं. कामावरून घरी चाललेली नर्स असेल, मागच्या सीटवर मुलं असतील. पुढच्या गाडीने ब्रेक लावलाय हे त्यांना कळायला हवं. त्या वायरीला माझं घरचं भांडण माहीत नसतं. रबरी टोपी सरकवली, सातही वायरी आपापल्या खुंटीत घट्ट केल्या, एकेक ओढून बघितली. झाकण लावलं, प्लग काळ्या सॉकेटमध्ये बसवला.

"बसा आत," मी म्हटलं. "आणि मी सांगेन ते दाबा."

ब्रेक. दोन्ही दिवे भगभगीत. डावा इंडिकेटर. उजवा. मागचे दिवे. धुक्याचा. मी प्रत्येक वेळी "आहे" म्हणत गेले, त्याशिवाय एक शब्द जास्त नाही. हे खाली उतरले, खूश होऊन हात चोळत. काही घडलंच नाही असा चेहरा. दुसरी केबल उचलून, तिच्या सात मोकळ्या तारा आणि नवाकोरा करडा प्लग माझ्यापुढे धरला.

"आता हा."

"तो नाही."

"म्हणजे?"

"काळा प्लग मागच्या लोकांसाठी. त्यांनी माझ्या तोंडाला पानं पुसलेली नाहीत. करडा प्लग आतल्या माणसांसाठी. त्यावर फ्रिज चालतो, बॅटरी भरते, दिवा लागतो, पंप चालून नळाला पाणी येतं. तो तुमचा तुम्ही लावा."

"अगं, मला कसं येणार? निदान कुठली वायर कुठे, तेवढं तरी सांग!"

"बावीस वर्षं मी रोज संध्याकाळी घरी येत होते. तेव्हा विचारायचं होतंत."

मी पक्कड, पाना, सोलणी डब्यात भरली. ते तिथेच उभे राहिले, त्या सात तारा मुठीत धरून. कितीतरी वेळ. खिडकीतून मला दिसत होते. एकदा त्यांनी काळी तार वेगळी काढून बघितली आणि परत बाकीच्यांत सोडून दिली.

रविवारी आम्ही बोललो नाही. पडदे मी काढून घेणार होते, पण ते लावलेलेच राहू दिले. शिवलेले पडदे काढून नेण्याइतकी मी हलकी नाही.

सोमवारी सात वाजता ऋजुता अक्षराला सोडून स्टेशनवर पळाली. थोड्या वेळाने मुरलीधरभावजी आले, फ्रिज चालणार नाही म्हणून गुडघ्याएवढी थर्माकोलची पेटी बर्फ भरून घेऊन. ह्यांनी त्यांना सगळं सांगितलं असणार, कारण "वहिनी" एवढंच म्हणून ते खाली बघत गाडीत चढले. करडी केबल सुतळीने बंपरला बांधलेली होती. ह्यांनी काच खाली केली.

"येतो," म्हणाले.

मी मान हलवली.

अक्षराला कडेवर घेऊन मी दारात उभी राहिले. गाडी हळूहळू रस्त्याच्या टोकाला गेली. तिथे ब्रेक लागला, दोन्ही दिवे लाल झाले. मग डावा इंडिकेटर लागला आणि तालात उघडझाप करायला लागला, ना मंद, ना घाईचा. वळून गाडी दिसेनाशी झाली. शनिवारपासून मी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. तेव्हा मात्र रडू फुटलं. इतकं चोख काम मी कंपनीतसुद्धा कधी केलं नव्हतं.