दिव्याचं बटण

कोटवाल्यांच्या घरात ताईंचं कपाट आलं आणि उभ्या दिव्याचं बटण दिसेनासं झालं.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. हवामान खात्यात छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्या आणि धाकट्या भावाकडे राहायला आल्या, त्या हे कपाट घेऊनच. चार हमालांनी घाम गाळून ते वर चढवलं. खोलीत ते एकाच भिंतीला मावलं, आणि दिव्याचा प्लग नि बटण नेमकं त्याच भिंतीवर होतं. तेव्हापासून दिवा लावायचा म्हणजे कपाट आणि भिंत यांच्या फटीत लाकडी मोजपट्टी घालून अंदाजानं ढोसायचं. कोट शिवण्यात कोटवाल्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, पण ढोसण्यात ते अगदीच कच्चे. कधी दिवा लागे, कधी भिंतीचा पोपडा निघे. एका संध्याकाळी पट्टीच मोडली आणि तिचा अर्धा तुकडा कपाटामागे कायमचा वस्तीला गेला.

“ताई, कपाट जरा सरकवलं तर?” कोटवाल्यांनी दबकत विचारलं.

“सरकवून नेणार कुठं, छोट्या? तुझ्या मशीनवर?”

छोट्याला सत्तावन्नावं लागलं होतं. दुसऱ्या दिवशी बहीणभाऊ विजेच्या सामानाच्या दुकानात गेले.

दुकानातली मुलगी हसतमुख होती आणि तिच्याकडे उत्तरांचा तोटा नव्हता. तिनं आधी मोबाईलवरून चालणारा दिवा दाखवला. “दीड कोटी रंग मिळतात, काका. जांभळा बघा, किती छान.”

“मला काळ्या कापडावर काळा टाका दिसायला हवा,” कोटवाले म्हणाले. “जांभळ्या उजेडात शिवायला बसलो तर गिऱ्हाइकाच्या बाह्या पाठीला लागतील.”

“मग हा घ्या. नुसतं ‘दिवा लाव’ म्हणायचं, की लागतो. तुमचं सगळं ऐकतो हा.”

“नको. ताईचं सगळं ऐकायला घरात मी एक आहे तेवढा पुरे.”

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं. कोटवाले एकदम पंख्यांच्या किमती वाचू लागले.

मुलीनं मग चोवीस बटणांचा रिमोट काढला. चोवीसमधली तेवीस कशासाठी, असं ताईंनी विचारलं, तेव्हा तिचीही जरा पंचाईत झाली. शेवटी तिनं खालच्या खणातून एक साधंसं खोकं काढलं. आत होता काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा डबा आणि चार आण्याच्या बिस्किटाएवढं गोल पांढरं बटण.

“डबा प्लगमध्ये खोचायचा, दिव्याची पिन डब्यात. बटण कुठूनही दाबा. एकदा दाबलं की लागतो, परत दाबलं की बंद. मागं चिकटपट्टी आहे, हवं तिथं चिकटवा.”

“किती लांबून चालतं?” ताईंनी विचारलं.

“शंभर फूट. भिंत मध्ये असली तरी.”

“पावसात?”

“मावशी, घरात कुठून आला पाऊस?”

“हवेतून जाणारी गोष्ट आहे. हवेचा भरवसा मी छत्तीस वर्षांत एकदाही दिला नाही,” ताई म्हणाल्या. पण बटण त्यांनी सात-आठ वेळा दाबून पाहिलं, कानाशी नेऊन त्याची ‘टक्’ ऐकली आणि मान डोलावली. तेच घेतलं.

डबा खोचायला आलेला वायरमन इतका सडपातळ होता, की हात घालता घालता तो निम्मा स्वतःच फटीत गेला. पण काम फत्ते झालं. कोटवाल्यांनी खोलीच्या मधोमध उभं राहून बटण दाबलं. दिवा लागला. ताईंनी दाबलं. विझला. दोघांनी चहा घेता घेता हा खेळ बराच वेळ चालवला.

खरं भांडण पुढं होतं. बटण भिंतीत होतं तोवर ते कुठं असावं हा प्रश्नच नव्हता. आता ते हवं तिथं चिकटवता येत होतं, आणि हवं तिथं म्हणजे कुणाला हवं तिथं, हे खोक्यावर छापलेलं नव्हतं. कोटवाल्यांनी ते मशीनच्या फळीला चिकटवलं. सकाळी ते ताईंच्या पलंगाच्या कडेला होतं.

“मी वाचते. दिवा मला लागतो.”

“मी शिवतो. त्यावर घर चालतं.”

“माझं पेन्शन काय हवेवर उडतं का?”

कोटवाल्यांनी बटण परत आणलं. ताईंनी परत नेलं. चार दिवसांत चिकटपट्टीचा जीव गेला, म्हणून पाचव्या दिवशी कोटवाल्यांनी बाजारातून जाड, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी आणली. ती बटणाला लावून वरचा कागद सोलला आणि आता एकदाचं मशीनला ठोकून बसवायचं, एवढ्यात ताईंनी चहाला हाक मारली. चहा गार झाला की ताई तापत. कोटवाले बटण टेबलावर ठेवून उठले. परत आले तर वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर जिन्यातून ओरडत होते, “कोट झाला का हो? उद्या शाळेची तपासणी आहे!” कोटवाल्यांनी टेबलावर पसरलेला कोट ओढला, अस्तराची राहिलेली वीतभर शिवण घातली, इस्त्री फिरवली आणि कोट देऊन टाकला. मग बटण शोधायला लागले. बटण नव्हतं.

त्यांनी ताईंकडे पाहिलं. ताई शांतपणे वाचत होत्या. इतक्या शांतपणे, की कोटवाल्यांची खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी लख्ख उन्हात दिवा आपोआप लागला.

“पोरकटपणा पुरे, ताई,” कोटवाले म्हणाले.

“मी? माझे दोन्ही हात कणकेत आहेत! तूच कुठंतरी पायाखाली लपवलंयस.”

दिवा दिवसभर जळला. संध्याकाळी अंधार पडू लागला, कोटवाल्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला, आणि सहा वाजून पाच मिनिटांनी दिवा पटकन विझला. कोटवाल्यांच्या अंगठ्यात सुई घुसली. त्यानंतर ते ताईंशी बोलेनासे झाले. ताई तर दुपारपासूनच बोलत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी ‘भाजीत मीठ कमी आहे’ हे कोटवाल्यांनी कपाटाला सांगितलं आणि ‘ज्याला कमी वाटेल त्यानं घ्यावं’ हे ताईंनी मशीनला.

पण ताईंची नोकरी निरीक्षणाची होती. राग असो की लोभ, नोंद चुकवायची नाही, ही जुनी खोड. त्यांनी वहीला रेघा मारल्या आणि लिहायला सुरुवात केली. सोमवार, ८.१० लागला, ६.०५ विझला. मंगळवारी तेच. बुधवारी संध्याकाळी पाच वेळा लुकलुकून मग विझला. शनिवारी दुपारी एकलाच विझला. रविवारी दिव्याला सुट्टी.

पुढच्या सोमवारी सहाला पाच कमी असताना त्यांनी मौन सोडलं.

“छोट्या, इकडे ये. बोलू नकोस, नुसतं ऐक.”

दोघं दाराशी कान लावून उभे राहिले. जिन्यावर पावलं वाजली. पावलं दारावरून वर गेली, थांबली. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला. मागं खोलीत दिवा विझला.

“शनिवारी शाळा अर्धी,” ताई म्हणाल्या. “रविवारी बंद. कोटाच्या उजव्या खिशात किल्ल्या असणार. बुधवारी त्यांना किल्ली लवकर सापडली नाही.”

कोटवाल्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. “चिकटपट्टी,” ते पुटपुटले. “कोटाच्या आत चिकटलं असेल. मी त्यावरून अस्तर शिवलं. ताई, अडतीस वर्षांत माझ्या कोटात टाचणी राहिली नाही गं!”

“टाचणी नाहीच राहिली. बटण राहिलं. चल वर.”

“खरं नको सांगू. एक बाजू सूतभर खाली आलीय असं म्हणतो आणि कोट मागून घेतो.”

ताई पायात चपला सरकवून जिन्याकडे निघाल्या. कोटवाल्यांना तो होकार वाटला, ही त्यांची चूक.

हेडमास्तरांनी दार उघडलं ते कोट घालूनच. “या, या! मीच खाली येणार होतो. काय कोट शिवलात, कोटवाले! तपासनीस सारखे याच्याकडेच बघत होते.” मग त्यांनी आवाज खाली आणला आणि उजव्या खिशाखाली बोट ठेवलं. “आणि हे वजन! कोट नीट खाली पडावा म्हणून घातलंत ना? आमच्या तीन शिक्षकांना अगदी असाच कोट हवाय. वजनासकट.”

कोटवाल्यांना खोटं बोलायची आता गरजच उरली नव्हती, नुसतं गप्प राहिलं तरी भागत होतं.

“ते वजन नाही,” ताई म्हणाल्या. “ते आमच्या दिव्याचं बटण आहे.”

हेडमास्तर हसले. मोठमोठ्या कारागिरांच्या घरची माणसं विनोदी असतात, असं काहीतरी ते म्हणाले. तेव्हा ताईंनी त्यांना हाताला धरून खाली आणलं, दिव्यासमोर उभं केलं आणि वर्गातल्या बाईंच्या आवाजात म्हणाल्या, “दाबा.”

हेडमास्तरांनी खिशाखाली दाबलं. दिवा लागला. पुन्हा दाबलं. विझला. ते एकदम गंभीर झाले. “म्हणजे आठवडाभर तुमच्या घरचा उजेड मी चालवतोय?” आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते थांबेना, त्यांनी मशीनच्या स्टुलावर बसकण मारली. बसल्या बसल्या दिवा आणखी दोनदा लागला नि विझला. कोटवाल्यांना प्रथम मान खाली घालावीशी वाटली. पण ताईच तोंडाला पदर लावून हसताहेत हे दिसल्यावर तेही हसले.

अस्तर उसवून बटण निघालं. त्याच्या जागी हेडमास्तरांनी हट्टानं एक चपटी लोखंडी चकती घालून घेतली, कारण कोट खरंच झोकात पडत होता. तिघा शिक्षकांच्याही कोटांत कोटवाल्यांनी चकत्याच घातल्या, त्याही दोन-दोनदा मोजून.

दुसऱ्या दिवशी बहीणभाऊ पुन्हा दुकानात हजर झाले.

“एका दिव्याला दोन बटणं चालतात का?” ताईंनी विचारलं.

“चार चालतात, मावशी,” मुलगी म्हणाली. “आधी का नाही विचारलंत?”

त्यांनी दुसरं बटण घेतलं, ते मात्र भडक केशरी आणि तळहाताएवढं, कुठल्याही कोटात मावणार नाही असं. ते मशीनला बसलं. पांढरं ताईंच्या पलंगाला गेलं.

त्या संध्याकाळी अंधारून आलं तसं कोटवाल्यांनी सुई खाली ठेवून केशरी बटण दाबलं. त्याच क्षणी ताईंनीही पांढरं दाबलं. दिवा लागला आणि विझला.

“तू दाबलंस का?”

“हो. तूही?”

“मग आता तू दाब, ताई.”

“नाही नाही, तुझं काम चाललंय. तूच दाब.”

“असं कसं, थोरली तू आहेस.”

“अरे, शिवणारा तू आहेस.”

आणि दोघं बराच वेळ तसेच अंधारात बसून एकमेकांना आग्रह करत राहिले.