एक घोडा, एक पुडा

त्या आठवड्यात जिपार सादिरोवाला खुर्ची चावत होती. बिश्केकच्या कचेरीत ती बसायची, उठायची, खिडकीशी जायची, पुन्हा यायची. तिच्या येरझाऱ्यांनी गालिच्यात पायवाट पडली आणि झाडणाऱ्या बाईने धूळ बसावी म्हणून त्या वाटेवर पाणी शिंपडलं, असं कंपनीतले लोक शपथेवर सांगतात. मी त्यातलं अर्धं धरतो.

कारणही तसंच होतं. बावीस वर्षांपूर्वी तिने ही पाहणीची कंपनी काढली. माणसं घरोघर पाठवायची, फॉर्म भरून घ्यायचे आणि लोक काय खातात-पितात ते कारखानदारांना सांगायचं. आज एकतीस जण हे दारोदार फिरायचं काम करत होते. आणि तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, सोनेरी पुड्याचा चहावाला मेदेर, म्हणत होता की हे एकतीस कशाला हवेत? तिकडे थोरल्या बाईला एजे, म्हणजे ताई, म्हणतात; तोही तसंच म्हणायचा.

"एजे, आता मोबाइलच्या मनोऱ्यांकडून सगळं कळतं. कोण कुठे जातं, किती वेळ थांबतं. ही माणसं घरी बसवा आणि हे आकडे वाचायला शिका. शुक्रवार दुपारपर्यंत सांगा, नाहीतर मला दुसरी कंपनी बघावी लागेल."

मेदेर उद्धट असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो चांगला मुलगा होता, आणि बहुधा बरोबरही.

कामावरून काढण्याची एकतीस पत्रं छापून झाली होती, फक्त सह्या राहिल्या होत्या. पण मेदेरच्या कागदांतला एक आकडा तिला कुसळासारखा टोचत होता. नारिनच्या बाजूला एका खिंडीत रोज सकाळी दहा ते बारा त्रेचाळीस माणसं जमतात म्हणे. तिथे दुकान टाकायला मेदेरने एक कंटेनर रंगवूनही घेतला होता. जिपारच्या माहितीप्रमाणे त्या खिंडीत वाऱ्याशिवाय कोणी थांबत नव्हतं.

गुरुवारी तिने पत्रं पिशवीत कोंबली, ड्रायव्हरला हाक मारली आणि त्या भागात वीस वर्षं फॉर्म भरणाऱ्या उपेल एजेला शेजारी बसवलं.

"इतक्या घाईने कुठे?" उपेल एजेने विचारलं.

"आकडा बघायला."

"आकडा काय पळून जातोय? खिडकी लाव, माझे कान गार पडले."

शुक्रवारी सकाळी खिंडीखालच्या गावात जिपारने फोन उघडला. नेटवर्क नाही. अंगणात तिच्या तीन फेऱ्या होतात न होतात तोच एक म्हातारा घोडेस्वार दाराशी थांबला. त्याचं नाव तोकोन. घरच्या बाईने आपला फोन आणून त्याच्या खोगिराच्या झोळीत टाकला. शेजारणीने दोन टाकले.

"हे काय, बाइके?" जिपारने विचारलं. बाइके म्हणजे दादा.

"इथे आवाज पोचत नाही, पोरी. वर खिंडीत पोचतो. सगळ्यांचे निरोप घेऊन मी रोज वर जातो, दोन तास झोप काढतो, तोवर जायचं ते जातं, यायचं ते येतं. तुझा द्यायचाय?"

"किती आहेत झोळीत?"

"त्रेचाळीस. मोजून घेतो, बायका भांडतात नाहीतर."

जिपार हसलीही नाही, इतका तिला आनंद झाला. मेदेरला 'दुपारी सांगते' असा निरोप लिहून तिने फोन झोळीत टाकला. उपेल एजेने आणि ड्रायव्हरनेही टाकले. माणसं वाचली, असं मनाशी म्हणत ती एजेबरोबर घरोघर निघाली.

पहिल्या घरी गरम पाव, साय आणि चहा. बाईने कपाटातून मेदेरचा सोनेरी पुडा काढला. "आम्ही हाच पितो." उपेल एजेने फॉर्मवर खूण केली. दुसऱ्या घरी तेच, पुडाही सोनेरीच. तिसऱ्या घरी जिपारचं लक्ष पुड्याच्या तोंडाकडे गेलं. निळा लोकरीचा दोरा. पहिल्या घरी हाच दोरा, हीच गाठ. खिडकीबाहेर दुसऱ्या घरची मुलगी कुंपणावरून परत उडी मारत होती.

बाहेर आल्यावर जिपारने विचारलं, "एजे, हा पुडा आपल्या पुढे पुढे चाललाय?"

"मग? पाहुण्यासमोर सुट्टा चहा ठेवतील? गावात एकच पुडा आहे. चार वर्षं तोच बघतेय."

"आणि फॉर्मवर नव्वद टक्के घरांत सोनेरी पुडा लिहिता?"

"फॉर्ममध्ये विचारलंय, 'कोणता चहा पिता?' जे सांगतात ते लिहिते. चुलीमागे कोणती पिशवी असते, ते लिहायला तू जागा कुठे ठेवलीस?"

सकाळी जिंकलेली बाजी दुपारी हातातून गेली होती.

एक वाजता तोकोन परतला. फोनवर मेदेरचा निरोप होता: 'एजे, आज शेहेचाळीस. गर्दी वाढतेय. सोमवारी कंटेनर निघतो. तुमचं काय ठरलं?'

तिने तोकोनचा घोडा मागितला. घोड्याला ती वाट इतकी पाठ होती की वर पोचून तो आपोआप आडवा झाला, असं तोकोन सांगतो; घोड्याला विचारायची सोय नाही. जिपारने वाऱ्याकडे पाठ करून फोन लावला.

"मेदेर, आत्ता खिंडीत किती दिसतात?"

"एक. का?"

"ती मी आहे. सकाळी शेहेचाळीस फोन होते, एक झोळी आणि एक झोपलेला म्हातारा."

इथे ती थांबू शकली असती. फोन कानाशी धरून ती घोड्याभोवती दोन चकरा फिरली. मग म्हणाली, "आणि माझे नव्वद टक्के म्हणजे एक पुडा. पाहुणा येईल त्या घरी जातो."

"एजे, तुम्ही मला हे का सांगताय?"

"कारण उद्या तुझा आकडा वेडा निघाला तर जाऊन बघणारं माणूस लागेल. आणि त्या माणसाला मी इतकी वर्षं चुकीचं विचारलं."

"मग लोक पितात काय?"

"ते उपेल एजेला माहीत आहे."

"सोमवारी त्यांना घेऊन या," मेदेर म्हणाला. "कंटेनर थांबवतो. बाकीचं मग बघू."

जिपार खाली आली तेव्हा उपेल एजे ओट्यावर बसली होती आणि पिशवीतली पत्रं तिच्या मांडीवर होती.

"माझं नाव तरी नीट लिहायचंस. एक अक्षर कमी आहे."

जिपारने गठ्ठा उलटा केला आणि कोरी बाजू वर ठेवली. "फॉर्ममध्ये मावलं नाही ते सगळं यावर लिहा. चुलीमागचं."

उपेल एजेने पेन झटकलं आणि गठ्ठ्याची जाडी बोटांनी चाचपली.

"एकतीसच? यात आमची गल्लीसुद्धा होणार नाही. आणि तू बस गं एका जागी, उजेड अडतो."